बिनजाळाची करंजी

“घे, सांभाळ तुझी चोरटी!”

माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमिलाताई, रेवूला दंडाला धरून जिन्यानं वर ओढत घेऊन आल्या होत्या. मी दारात पोळपाट पुशीत उभी. रेवूची एक वेणी सुटलेली, फ्रॉकचा बंद लोंबत होता आणि उजव्या मुठीत अर्धी चकली होती. मूठ तिनं इतकी आवळली होती की चकलीचा चुरा बोटांच्या फटीतून पायरीवर सांडत होता.

“धुणं वाळत घालायला मागं गेले, तेवढ्यात ही फळीवर चढून डब्यात हात घालतीया. माझ्या सैपाकघरात! बापामागं हेच शिकवायला लागलीस व्हय गं?”

“ताई, हळू बोला.”

“का म्हणून हळू? चोरी करताना लाज न्हाई वाटली, आता ऐकणाऱ्यांची वाटती? चोर ती चोर!”

दिवस धनत्रयोदशीचा. इचलकरंजीत आमच्या गल्लीला वर्षभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, शेजारणीशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. फक्त दिवाळीला माग थांबतात. आदल्या संध्याकाळीच थांबले होते, त्यामुळे ‘चोर’ हा शब्द गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्याला ऐकू गेला. समोरच्या गोदाक्का रांगोळीवर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

मी रेवूला आत घेतलं. “तू घेतलीस चकली?”

तिनं मान हलवली. हो.

“विचारलं होतंस?”

नाही.

“मग का घेतलीस?”

त्यावर काहीच नाही. दुसरीतली पोर, एरवी झोपेतसुद्धा बडबडणारी, ओठ घट्ट मिटून उभी राहिली. प्रमिलाताई दारातनंच म्हणाल्या, “मागितली असती तर दिली नसती का? माझ्या माहेरनं आल्यात डबे, मोप आल्यात. पण मागून खाणं निराळं आणि चोरून खाणं निराळं. तूच सांग तुझ्या लेकीला.”

“सांगते. पण तिला परत चोर म्हणू नका.”

“चोराला चोर न्हाई तर काय सावकार म्हणायचं?” आणि त्या पायऱ्या धाडधाड वाजवत खाली गेल्या.

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. लग्नाआधी माझी आईच म्हणायची, हिला मिरचीच्या वाफ्यात पेरली होती. पण त्या दिवशी मी जीभ दाताखाली धरून गप्प राहिले, कारण पोरीच्या हातात चकली होती आणि हातात असलेली गोष्ट नाकारायची कशी?

आमच्या घराचं असं होतं. खाली थोरले दीर, प्रमिलाताई आणि त्यांची मुलगी सुजाता. वर एक खोली आणि पत्र्याचं सैपाकघर, ते आमचं. माझा नवरा अनंता एका बेकरीचा टेम्पो चालवायचा. गावोगावच्या दुकानांना पाव, बटर, टोस्ट आणि पिवळ्या पाकिटातले केक टाकत फिरायचा. आषाढात त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग झाडपाला केला, मग दवाखाना केला, आणि तोपर्यंत फार उशीर झाला होता. मागं मी, रेवू आणि तीन वर्षांचा सुध्या. मी घरी बसून मागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरून द्यायला लागले.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर तळण करत नाहीत. दिवाळीला कढई चढत नाही. ते दुःख शेजारपाजाऱ्यांनी वाटून घ्यायचं असतं, म्हणून आजूबाजूच्या बायका आपापल्या फराळातला डबा त्या घरी पोचवतात. रीत चांगलीच आहे. ज्यांना करायचं बळ नाही त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी करावं, यापरीस माणुसकी ती काय? प्रमिलाताईंनी मला दसऱ्यालाच बजावलं होतं, “इंदू, यंदा जाळावर काही गोडाधोडाचं चढवायचं न्हाई बघ. लोक देतील ते खायचं.”

मी ऐकलं. कढई पालथी घालून माळ्यावर टाकली. आणि वसुबारस झाली, धनत्रयोदस उजाडली, तरी माझ्या दारात एकसुद्धा डबा आला नाही.

मी मनाला समजावलं, येतील. मग समजावलं, विसरले असतील. मग मात्र आतून जळायला लागले. याच गल्लीत दर वर्षी मी कुणाकुणाच्या चकल्या पाडून दिल्या होत्या. गोदाक्कांचा हात मोडला होता त्या साली त्यांची सगळी दिवाळी मी उभी केली होती. त्याच गोदाक्का आता मला नळावर बघून तोंड फिरवत होत्या! कपाळ पांढरं झालं की माणसाला माणसं दिसेनाशी होतात, हे ऐकलं होतं. आता बघत होते.

आणि खाली प्रमिलाताईंकडे डब्यांवर डबे. माहेर म्हणे. माझं माहेर आई गेली तेव्हाच संपलं होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या माहेराचा मला हेवा वाटायचा हे खरं. पण यांना तरी सुतक नव्हतं का? गेला तो यांचा दीरच ना? पण पाडव्याला सुजाताला बघायला जयसिंगपूरचे पाव्हणे येणार होते. ‘वर्षाच्या आत उरकलं तर चालतं,’ असं भटजींनी सांगितलं म्हणे. स्वतःच्या लेकीचं ठरवायला सुतक आडवं आलं नाही, माझ्या पोरांच्या तोंडात घास पडायला मात्र बरोब्बर आलं.

दुपारी सुध्या झोपला. रेवू भिंतीला टेकून बसली होती. जेवली नव्हती. मी कांड्या भरत होते आणि रागानं सूत तटातटा तुटत होतं.

“आई,” ती सकाळपासून पहिल्यांदा बोलली. “आपल्यात करंजी न्हाईच करायची?”

“कढई चढवायची न्हाई बाळा. जाळावर करायचं न्हाई.”

तिनं खाली पडलेल्या तुटक्या सुताला गाठ मारली. मग म्हणाली, “जाळ न करता हुईत न्हाई काय?”

माझा हात थांबला. तिनं साधंच विचारलं होतं, पण माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. जाळावर नाही ना? कढई नाही ना? ठीक आहे. काडीसुद्धा ओढणार नाही. रीत पाळून दाखवते, अगदी शब्दाबरहुकूम, आणि वर फराळ करून दाखवते. माझ्या पोरीला चकली चोरावी लागते काय? बघूच.

मी कोपऱ्यावरच्या शांताप्पांच्या दुकानात गेले. दाराला ती पिवळी पाकिटं माळेसारखी लटकत होती. अनंताच आणून टांगायचा ती. माणूस गेला तरी केक यायचे थांबले नव्हते. त्या पाकिटांकडे बघून मला रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो संताप. आषाढापासून मी या दुकानापुढून मान खाली घालून जात होते, त्या पाकिटांना भिऊन. आता सरळ बोट दाखवलं.

“आख्खी माळ काढा.”

“समदी?” शांताप्पा म्हणाले. “एवढं काय करणार, वैनी?”

“करंज्या.”

त्यांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी माळ काढून दिली. दुधाची पावडर, पिठीसाखर आणि खोबऱ्याचा कीस घेतला, आणि त्यांनी न विचारता वरून वेलदोड्याची पुडी टाकली.

घरी येऊन परातीत केक कुस्करले. पोरीला दोन्ही हातांनी कुस्करायला लावले, म्हटलं, जोर लाव. ती लावायला लागली. लाल-हिरवे टूटीफ्रुटीचे तुकडे तिनं बाजूला वेचून ठेवले. कुस्करलेल्या केकमध्ये दुधाची पावडर घातली आणि सकाळच्या दुधावरची साय. आधी साय जास्त झाली आणि सगळं चिकट गिचका झालं. आणखी दोन केक कुस्करून घातले, तेव्हा पुरणासारखा गोळा जमला. खोबऱ्याचा कीस, साखर, वेलदोडा, हे सारण.

करंजीचा साचा माळ्यावरून काढला. पातळ थापलेली केकची पारी साच्यात, मधे सारण, साचा मिटला, दाबला. उघडला तर अर्धी करंजी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला. परत केली. परत तसंच. मी साचा भिंतीवर फेकणार होते.

“तूप लाव की,” रेवू म्हणाली. “भाकरीच्या पिठाचे गणपती करताना मी साच्याला तेल लावत्या.”

बोटानं तूप फिरवलं. दाबलं. उघडलं. अख्खी करंजी, कडेला नक्षी आणि मधे फुगा असलेली, टपकन हातात पडली. तपकिरी होती, पण करंजीच होती. रेवू हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर रया आली.

मग आम्ही थांबलोच नाही. उरलेल्या अख्ख्या केकच्या चौकोनी फोडी कातण्यानं तिरक्या कापल्या, पिठीसाखरेत घोळल्या. शंकरपाळे. गोळ्याचे लाडू वळून खोबऱ्यात लोळवले आणि रेवूनं वेचलेले लाल तुकडे बेदाण्यासारखे वर दाबले. सुध्या उठला, त्यानं दोन लाडू खाल्ले आणि तिसरा डोक्याला फासला. संध्याकाळपर्यंत सगळी परात भरली. चूल आमची थंडगार होती.

“चकली न्हाई हुणार न्हवं अशी?” रेवूनं विचारलं.

“न्हाई.”

“मला नगोच चकली,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून हात धुवायला गेली. त्या बोलण्यात काहीतरी होतं. मी तेव्हा विचारायला पाहिजे होतं म्हणा, पण माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. मला ती परात लोकांच्या डोळ्यांपुढं न्यायची होती.

पाडव्याला सकाळी पाव्हणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. घर भरलेलं दिसावं म्हणून प्रमिलाताईंनी गल्लीतल्या बायकांनाही फराळाला बोलावलं होतं. मला निरोप नव्हता. ठरवाठरवीत विधवेचं तोंड कशाला? मी नेसूचंच पातळ नीट केलं, परातीवर फडकं टाकलं, रेवूचा हात धरला.

“आई, नगो,” ती म्हणाली. “खाली नगो.”

“का नगो? तू काय केलंयस?”

तिनं दाराची चौकट धरून ठेवली. मी तिला जिन्यातच बसवलं, सुध्याला तिच्या मांडीवर दिलं आणि एकटी खाली उतरले.

सोप्यात सतरंजीवर बायका, खुर्च्यांवर पाव्हणे, कोपऱ्यात भावजी. सुजाता ताटल्या देत होती. ताटल्यांत चकली, कडबोळी, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू, सगळं शिगोशीग. मला बघून प्रमिलाताईंचा चेहरा उतरला, पण पाव्हण्यांपुढं करतात काय?

“आमच्या धाकट्या जाऊबाई,” त्या म्हणाल्या. “येऊ दे, येऊ दे.”

“मी पण फराळ आणलाय,” मी म्हटलं आणि परातीवरचं फडकं काढलं.

सोप्यात कुजबुज झाली. गोदाक्कांनी कपाळाला आठ्या घातल्या. “इंदे, वर्षाच्या आत तळण केलंस?”

“जाळ केला न्हाई आक्का. काडीसुद्धा ओढली न्हाई. दुकानच्या केकचं हाय. खाऊन बघा. आमच्याकडं कुणी काही दिलं न्हाई, म्हणून म्हटलं आपणच सगळ्यांना द्यावं.”

हे मी गोड आवाजात बोलले, पण आत विष होतं. मला त्यांना लाजवायचं होतं, एकेकीला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

“कुणी काही दिलं न्हाई म्हंजे?” गोदाक्का म्हणाल्या.

“म्हंजे न्हाई. चिवड्याचा दाणासुद्धा न्हाई.”

“इंदे, बोलायची पण काही रीत आसती! डबा पोचला एवढं सांगायला तोंड उचकाटलं न्हाईस, म्हणून मी नळावर तुझ्याशी बोलंना झाले, आणि वर तूच...” बोलता बोलता त्यांनी रागानं ताटलीतली चकली मोडून तोंडात टाकली. आणि थांबल्या. चावायच्या थांबल्या. उरलेला तुकडा त्यांनी डोळ्यांपुढं धरला, फिरवून बघितला, परत एक कण जिभेवर ठेवला.

“ही माझी चकली हाय.”

बायकांनी आपापल्या ताटल्यांत बघितलं.

“माझीच हाय ही,” त्या म्हणाल्या. “तिखट घातलं न्हाई मी हिच्यात. लोणी घालून फिक्की केल्ती, येगळी, इंदूच्या पोरांसाठनं. धाकट्याला तिखट सोसत न्हाई म्हणून. माझ्या घरात पण न्हाई असली चकली. प्रमिला, ही हितं कशी?”

बायकांना दुसरं काही ओळखता येवो न येवो, आपल्या हाताचा पदार्थ अंधारातही ओळखता येतो. हे प्रमिलाताईंना कळायला पाहिजे होतं, इतक्या दिवाळ्या काढल्या होत्या त्यांनी. पण हाव सुटली की माणसाची अक्कल गहाण पडते. गोदाक्कांचं ऐकून शेजारच्या शेवंताकाकूंनी अनारसा उलटा करून बघितला. “खसखस एकाच अंगाला. हा तर माझा.” तिकडून कुणीतरी म्हणालं, “चिवड्यात मनुका मीच घालते गल्लीत.” ज्या बायकांनी दिलं होतं, त्यांनाच त्यांचा फराळ वाढून प्रमिलाताई यजमानीण म्हणून मिरवत होत्या. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

आमच्या गल्लीत पद्धत अशी की दुःखाच्या घरचा डबा त्या घरातल्या थोरलीच्या हाती द्यायचा. ज्यांनी दिला त्यांनी विश्वासानं दिला, आणि आला असता तर ताईंनी वर पोचवला असता, असं मीही धरून चालले होते. आणि कुंपणानंच शेत खाल्लं.

“घर एकच न्हवं का?” प्रमिलाताईंचा आवाज चढला. “सुतक आम्हाला पण हाय! वर काय आणि खाली काय, देणार हुते की मी तिला. पाव्हणं येणार, घरात तळण करता येत न्हाई, मी काय करायचं हुतं?”

“तुमच्या माहेरनं आलं म्हणाला हुता ताई,” मी म्हटलं.

प्रमिलाताई पदर सावरायला लागल्या. तेवढ्यात सुजाता ताटली खाली ठेवून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला आणि ती छातीशी डबे धरून बाहेर आली. स्टीलचे डबे, अर्धेमुर्धे भरलेले. एकेक सतरंजीवर मांडत गेली. आमच्याकडं भांड्यांवर नाव कोरून घेतात. प्रत्येक डब्यावर नाव होतं. गोदाबाई, शेवंता, आणखी कुणाकुणाची. आमच्या घरचा त्यात एकही नव्हता.

“सुजे!” प्रमिलाताई ओरडल्या.

“मला ठाऊक न्हवतं काकू,” सुजाता माझ्याकडं बघून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आई म्हणाली, वर दिलंय वाटणीचं.”

“रेवूला ठाऊक हुतं,” गोदाक्का एकदम म्हणाल्या. “मी इचारलं हुतं तिला बोळात, तुमच्यासाठी दिलेली चकली आवडली का गं म्हणून. ती गोंधळून हो म्हणाली. आणि मग दुसऱ्याच दिवशी ही बया तिला चोर म्हणत...”

मी वळले. जिन्याच्या खालच्या पायरीवर रेवू उभी होती, सुध्या कडेवर. कधी उतरली होती कोण जाणे.

“रेवू, तू डबा बघितला हुतास?”

तिनं आधी प्रमिलाताईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. “गोदाआज्जीचं नाव हुतं त्याच्यावर. आज्जी म्हणाली हुती, तुमच्यासाठी दिल्या. म्हणून मी आपलीच घेतली. एकच.”

“मग मला का सांगितलं न्हाईस?”

“मोठी आई म्हणाली, आईला डब्याचं सांगितलंस तर वरची खोली काढून घेईन. मग तुमी कुटं ऱ्हाणार, म्हणाली.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं मला. डबे खाल्ले ते सोसलं असतं. मी डबे मोजणारी बाई नाही. पण एवढ्याशा पोरीनं माझं छप्पर वाचवायला चोर म्हणवून घेतलं, जेवली नाही, तोंड उघडलं नाही, आणि मी तिला विचारत बसले, का घेतलीस म्हणून! परात खाली ठेवली, नाहीतर ती कुणाच्या तरी डोक्यात बसली असती.

“भावजी,” मी म्हटलं. भावजी नाकासमोर चालणारे, बायकोपुढं कधी बोलत नसत. “खोली कुणाची?”

त्यांनी मान खाली घातली. वाटलं, आताही गप्प बसणार. मग ते म्हणाले, “अनंताची हाय. त्याच्या पोरांची हाय.” आणि प्रमिलाताईंकडं बघून, “पुन्हा ही गोष्ट काढायची न्हाई.”

“झालं तर मग,” प्रमिलाताई घाईनं म्हणाल्या. “डबे घिऊन जा इंदू. घे सगळे. पाव्हण्यांपुढं आता...”

“डबे नेणारच हाय. पण तेवढ्यावर भागत न्हाई. जिन्यात उभं ऱ्हाऊन माझ्या पोरीला चोर म्हणालात. त्याच जिन्यात चढा आणि तेवढ्याच आवाजात सांगा, रेवू चोर न्हाई.”

“अगं, झालं गेलं...”

“झालं असंल, गेलं न्हाई. चढा.”

त्या आजूबाजूला बघायला लागल्या, कुणी तोंड घालतंय का म्हणून. कुणी घालेना. शेवटी मुलाची आई बोलली. जाडजूड, शांत बाई होती, आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. “जावा की. आमी थांबतो.”

प्रमिलाताई जिना चढल्या. वरच्या पायरीवर उभ्या राहून काहीतरी पुटपुटल्या.

“गल्लीला ऐकू गेलं न्हाई,” मी खालून म्हटलं.

माग बंदच होते. गल्लीत सगळं शांत होतं.

“रेवू चोर न्हाई!” त्या ओरडल्या. आवाज फाटला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

मुलाची आई उठली, सुजाताजवळ गेली आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, “पोरगी सरळ हाय. आमाला पसंत हाय.” मग माझ्या परातीतली करंजी उचलून खाल्ली आणि कशी केली ते विचारलं. मी सांगितलं. माझा राग काही उतरला नव्हता, पण करंजीची कृती मी नीट सांगितली.

दुपारी मी डबे वर आणले. पोरांनी चकल्या खाल्ल्या, अनारसे खाल्ले, सुध्यानं चिवडा घरभर उधळला. मी डबे रिकामे करून घासले, पुसले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, एवढं माझ्या पोरीलाही माहीत होतं. तिनं आपल्या हातानं प्रत्येक डब्यात बिनजाळाच्या करंज्या, लाडू आणि शंकरपाळे भरले, मोठ्या पिशवीत रचले आणि निघाली.

रेवू आता पुण्यात असते, तिला स्वतःची लेक आहे, घरात ओव्हन आहे. तरी दर दिवाळीला पहिला घाणा तिच्याकडं दुकानच्या केकच्याच करंजीचा असतो. मी गेले की साचा माझ्या हातात देते.

त्या दिवशी मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. रेवू पिशवी सांभाळत एकेक पायरी उतरत होती. खाली दारात प्रमिलाताई उभ्या होत्या. पाव्हणे गेले होते, सोपा आवरलेला होता. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि हसल्यासारखं केलं.

“सगळ्या गल्लीला वाटतीस व्हय? आणि मोठ्या आईला गं?”

रेवू थांबली. तिनं खरंच विचार केला, पिशवीतले डबे एकदा बघून घेतले.

“मोठी आई,” ती म्हणाली, “तुझा डबा आलाच न्हवता की.”

आणि ती बोळ ओलांडून गोदाक्कांच्या दाराकडं गेली. मी तिला मागं बोलावलं नाही.